नमुना वऱ्हाड

चिठ्ठ्या काढल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चार मावश्यांपैकी एकच उरली. कुंदामावशी. ती दारात उभी होती, हातात एक पिशवी, आणि त्या पिशवीत चौघींचं सामान होतं. चहा टाकू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बिनसाखरेचा टाक; मग म्हणाली, साखर जरा पुढे असू दे; मग, आलं आहे का घरात; आणि मग, मला नकोच, पित्त होतं. चारही वाक्यं एकाच तोंडातून, एकामागून एक, न अडखळता. मी एकच कप केला. तिनं तो नावं ठेवत प्यायला, कौतुक करत प्यायला आणि थोडा बशीत तसाच सोडला. मग ती मागे रेलली आणि खुर्चीचा मागचा पाय वाकला.

मी पायाखाली वीट सरकवली. मला फारसं नवल वाटलं नाही. पद्धत नीट लावली की उत्तर येतं, एवढं विद्यापीठानं मला शिकवलेलं होतं. उत्तर चहाला नावं ठेवेल, हे शिकवलेलं नव्हतं.

लग्न हेमांगीचं होतं. हेमू माझी धाकटी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. नवरा मुलगा पुष्कर, बंगळूरला नोकरीला, बोलायला कमी आणि ऐकायला चांगला. लग्नानंतर दोघं तिकडेच राहणार होती. हेमूला सांगलीतलं नदीकाठचं छोटं कार्यालय हवं होतं, जिथं दोन पंगती मांडल्या की वाढप्याला आडवं होऊन चालावं लागतं. आप्पांना अख्खं गणगोत हवं होतं. आपण आयुष्यभर लोकांच्या डोक्यांवर अक्षता टाकत आलो, त्या परत येऊन पडायला जागा नको का, असं त्यांचं म्हणणं. बापलेकीचं बोलणं थांबलं.

आमच्या घरात बोलणं थांबणं नवीन नाही. आई आणि आप्पा कित्येक वर्षं एकमेकांशी माझ्यामार्फतच बोलत. जेवताना मी दोघांच्या मधे बसायची. आप्पा म्हणायचे, "आईला विचार, आमटीत चिंच आहे की राग." आई म्हणायची, "त्यांना सांग, दोन्ही आहे." मी पोचवायची. माझं लग्न का झालं नाही याची बरीच कारणं नातेवाइकांनी शोधून ठेवली आहेत. पत्रिका, चष्मा, शिक्षण, आणि एका आत्याच्या मते माझं हसणं. मधून उठले तर त्या दोघांचं एकमेकांना काही ऐकू येणार नाही, हे कारण कुणी धरलं नाही. ते मी माझ्यापाशी ठेवलं.

शेवटी आप्पाच मला म्हणाले, "डॉक्टर, नऊ वर्षं विद्यापीठात काढलीत. वरणात मीठ किती ते कळलं नाही, ठीक आहे. पंगतीत माणसं किती, ते तरी आम्हाला सांगा."

माझी डॉक्टरकी संख्याशास्त्रातली. प्रबंधासाठी मी मिरजेच्या पूर्वेकडची गावं दारोदार फिरले होते. दारात बाई यायची. मी विचारायची, घरात माणसं किती? ती बोटांवर मोजायची: सासरे, सासूबाई, मालक, दीर, दोन पोरं. मी लिहून घ्यायची आणि मग विचारायची, आणि तुम्ही? ती पदर तोंडाला लावून हसायची. "मी आहेच की," म्हणायची. गावोगावी हेच. त्या एका हसण्यावर मी अख्खं तिसरं प्रकरण लिहिलं. माझे मार्गदर्शक कोपर्डेसर कुणाचं सहसा कौतुक करत नाहीत. पण तोंडी परीक्षेत त्या प्रकरणाच्या समासात त्यांनी लाल शाईनं एक बरोबरची खूण केली होती.

तर मी आप्पांना पद्धत समजावून सांगितली. आमटी कशी झाली हे कळायला पातेलंभर प्यावी लागत नाही. एक चमचा पुरतो, फक्त आधी नीट ढवळायला हवी. माणसांचे गट पाडायचे, प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून एक माणूस उचलायचं. ते एक माणूस सगळ्या गटाच्या वतीनं येईल. म्हणजे बोलावणं सगळ्यांनाच, आणि पानं मात्र थोडी.

"आणि रुसणारे?" आप्पांनी विचारलं.

"त्यांचाही एक गट आहे," मी म्हणाले.

आईनं कुरकुरत स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे रिकामे करून दिले. पोह्यांच्या डब्यात मावश्या गेल्या. बेसनाच्या डब्यात आत्या आणि काका, साबुदाण्यात मामा. रव्याच्या मोठ्या डब्यात शेजारी. चुलत आणि मावस बहिणींना मेतकुटाचा डबा मिळाला आणि त्यांच्या चिठ्ठ्यांना पुढे कायम तो वास येत राहिला. आप्पांच्या ऑफिसमधले निवृत्त, आपण ज्यांच्याकडे जेवलो ते, आपल्याकडे जे जेवले आणि बोलावलं नाही ते, न बोलावलं तर रुसणारे आणि बोलावलं तरी रुसणारे, असे डबे वाढत ओट्याच्या कडेपर्यंत गेले. माझ्या विद्यापीठातल्या लोकांसाठी आईनं लोणच्याची छोटी बरणी दिली. आई आणि आप्पा यांना मी मिळून एक धरलं, कारण कन्यादानाला जोडपं लागतं, आणि त्यांना चिठ्ठीविना आत घेतलं. नवरानवरी तर असायलाच हवीत.

चिठ्ठ्या हेमूनं काढल्या, डोळे मिटून. शेवटचा डबा बंद करताना ती डोळे न उघडताच म्हणाली, "ताई, करवली तूच हं."

आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे करवली उभी राहते, हातात पाण्यानं भरलेला तांब्याचा कऱ्हा घेऊन. नवरी डोळे मिटून आंतरपाटासमोर थांबते. आंतरपाट खाली आला की मागे वळते, करवली कऱ्ह्यात बोटं बुडवून तिच्या पापण्यांना पाणी लावते, आणि मग ती डोळे उघडून नवऱ्याकडे बघते. करवली बहुतेक नवरीपेक्षा लहान असते. मी तसं म्हणाले.

"मला काही माहीत नाही," हेमू म्हणाली. "तू पाणी लावल्याशिवाय मी डोळे उघडणार नाही. लग्न मोडलं तरी चालेल."

लहानपणी तिचे डोळे सारखे यायचे. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या आणि ती अंथरुणात बसून, आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखे हात पुढे करून मला हाका मारायची. मी वाटीत कोमट पाणी आणायची. आईनं लावलेलं तिला चालायचं नाही. मी बरं म्हणाले. त्या लग्नातलं एवढंच एक काम असं होतं, जे मला कुणी सोपवलं नव्हतं, मागितलं होतं.

*

मावशीनंतर बाकीचेही होत गेले. सोलापूरचे मामा एकटेच आले, पण दोन वेगवेगळ्या गाड्यांनी आले. शेजाऱ्यांतून जोगळेकरकाका निघाले होते. त्यांनी एकदा बेल वाजवली आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांच्या तक्रारी एकदम सांगितल्या, त्यात त्यांच्याविरुद्धची एक होती, तीही त्यांनी मन लावून सांगितली. रुसणाऱ्यांमधून आलेल्या सुमनकाकू दारातूनच परत गेल्या आणि परत आल्या आणि परत गेल्या. प्रत्येकाला मी मनात त्याचा भार लावत होते, म्हणजे तो किती जणांच्या वतीनं आला आहे ते. फरशी दबायची तिथं हिशेब बरोबर आहे असं समजायची.

प्रभामावशीच्या घरी मी स्वतः गेले, कारण तिचा फोन कुंदामावशी उचलत होती. दार उघडं होतं. पंखा फिरत होता. सोफ्याच्या एका टोकाला ती बसते तिथं खळगा होता, आणि तो अजून कोमट होता. टीव्हीवरची बाई रडत होती. ओट्यावर अर्धी निवडलेली मेथी होती. मी पंखा बंद केला, टीव्ही बंद केला, मेथी पूर्ण निवडली आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवली. निघताना त्या खळग्यात जरा बसून बघितलं. तो माझ्या मापाचा नव्हता.

हेमूनं मला विचारलं, "लग्नानंतर सगळे परत होतील ना वेगवेगळे?"

"नमुन्यावरून सगळ्यांपर्यंत जाता येतं," मी सांगितलं. "तेच तर शिकले."

"जाता येतं म्हणजे?"

"अंदाज बांधता येतो."

 ती म्हणाली की अंदाजानं बांधलेली मावशी तिला नको, तिला खरी पाहिजे, शेवयांची खीर करणारी. मी म्हणाले की खीर धरून अंदाज बांधू.

आई-आप्पांचं मात्र मी धरलं होतं त्यापेक्षा जास्त झालं. ती दोघं एका खुर्चीत बसू लागली. वाक्य आप्पांनी सुरू करायचं आणि आईनं संपवायचं. "ती मोठी परात कुठे" आप्पा म्हणायचे, "ठेवली ते मला आठवतंय," आई म्हणायची, आणि दोघं एकदम उठून ती काढायची. जेवताना मी सवयीनं मधे पाट मांडला. मधे जागा नव्हती. मी पलीकडे बसले. आमटीत चिंच जास्त झाली होती, आणि ते त्यांनी एकमेकांना सांगितलंसुद्धा नाही, नुसतं एकमेकांकडे बघून हसली. इतकी वर्षं हेच व्हावं म्हणून मी निरोप पोचवत होते. आता झालं होतं. मी दोनदा भात मागितला, मग उठून स्वतःच वाढून घेतला.

अक्षतांचे तांदूळ आणायला मी आणि कुंदामावशी शहांच्या दुकानात गेलो. रिक्षावाल्यानं मावशीकडे बघितलं, टायरकडे बघितलं आणि दोन खेपा कराव्या लागतील म्हणाला. दुकानात पोती तोलायचा मोठा काटा होता. मावशीला चढून बघायची हौस आली. काटा चौघींच्या वजनावर जाऊन थरथरला आणि मावशी चार तऱ्हांनी लाजली. मग ती म्हणाली, "तू बघ गं चढून. खातेस का नाहीस ते तरी कळेल."

मी चढले. काटा हलला नाही.

शहा म्हणाले, बिघडला वाटतं. त्यांनी माझ्या पायापाशी तांदळाचं पोतं टाकलं. काट्यानं पोत्याचं वजन दाखवलं, किलोला किलो. मी उतरले तरी ते तेवढंच राहिलं.

परतताना रिक्षावाल्यानं पहिल्या खेपेत मावशीला नेलं. मी दुसऱ्या खेपेची वाट बघत उभी राहिले. तो परत आलाच नाही. चालत घरी गेले तेव्हा दुसऱ्या खेपेचं भाडंही दिलेलं होतं, आणि मी केव्हाच पोचले असं सगळ्यांनी धरलेलं होतं.

*

सीमांतपूजनाच्या दुपारी कोपर्डेसर कार्यालयात आले. लोणच्याच्या बरणीतून त्यांचीच चिठ्ठी निघाली होती, त्यामुळे अख्खा विभाग त्यांच्यात होता. ते बोलत असताना मधेच विभागातल्या क्लार्कचा खोकला यायचा आणि ग्रंथपालबाई शुक् करायच्या. सरांनी कार्यालय फिरून बघितलं. पाहुणे भिंतीलगत पसरून बसवले होते, एका जागी बसवले तर जमीन खचते म्हणून. स्वयंपाकघरातून शंभरेक माणसांचं हसू येत होतं आणि आत सुमनकाकू एकट्याच वाटाणे सोलत होत्या.

"काम चांगलं झालंय," सर म्हणाले. "गट नीट पाडलेत. चिठ्ठी निःपक्षपाती. मर्यादांचं प्रकरण लिहिलंत का, पद्धतीतून काय सुटलं त्याचं?"

"लग्नाला कशाला लागतं, सर?"

"सगळ्याला लागतं." ते पंगतीच्या टोकाला गेले आणि पानं मोजत परत आले. "तुम्ही कुठल्या डब्यात?"

"मी?" मला हसू आलं. हातात ओला नारळ होता म्हणून मी मनगटानंच तोंड झाकलं. "मी आहेच की."

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. 

"तिसरं प्रकरण कुणी लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"हं," सर म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, अजून वेळ आहे, माझी चिठ्ठी आता टाकते. ते म्हणाले की माहिती हातात आल्यावर कुणी गटात भर घालत नाही, त्याला काय म्हणतात ते तुम्हीच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवता. मग मी काय करू, असं मी विचारलं. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, पुन्हा ठेवलं. "मर्यादांमध्ये एक ओळ घाला," ते म्हणाले, आणि माझ्या डाव्या खांद्याकडे बघून नमस्कार केला. मी जिथं उभी होते तिथून तो हातभर चुकला होता.

मी चिठ्ठी लिहिलीच. घरी जाऊन ओट्यावरचा पहिला हाताला आला तो डबा उघडला. आईनं तो केव्हाच परत भरून ठेवला होता, आता त्यात रवा होता. मी चिठ्ठी रव्यात खोचून झाकण लावलं. संध्याकाळच्या पंगतीत पुष्करच्या काकांना लाडवात कागद लागला. त्यांनी तो सुपारी काढावी तसा दाढेतून काढला, उलगडला, दोन्ही बाजूंनी बघितला.

"काय निघालं?" कुणीतरी विचारलं.

"कोरा आहे," ते म्हणाले आणि पत्रावळीखाली सरकवून दुसरा लाडू घेतला.

मग मी कुंदामावशीला गाठलं. ती जिन्याशी पाय पसरून बसली होती आणि स्वतःचेच गुडघे स्वतःच चेपत होती, दोन आपले आणि बाकीचे बहिणींचे. मी तिला म्हणाले, मावशी, मला तुझ्यात घे. फक्त उद्या दुपारपर्यंत. तिला अजून मी ऐकू येत होते, पण दूरवरून. तिनं कानामागे हात धरला.

"अगं, चौघींनाच दाटी होतेय," ती म्हणाली. "विजूला उजवी कूस लागते, शैलाला उघडी खिडकी लागते. तुला कुठे ठेवू?" आणि मग, बहुतेक प्रभामावशीच्या आवाजात, हळू: "माझी मेथी तूच निवडलीस ना, बाळा?"

मी हो म्हणाले. ते तिला ऐकू आलं की नाही, कळलं नाही. तिनं पाय बदलला आणि पुन्हा चेपू लागली.

आई-आप्पा बोहल्याशेजारी एका पाटावर बसून उद्याची पूजेची तयारी करत होते. मी जाऊन त्यांच्या समोर बसले. मधे नाही, समोर. सुपाऱ्या त्यांच्या हातात देऊ लागले. त्यांनी त्या ताटातून उचलल्या, माझ्या हातातून नाही. मी म्हणाले, आप्पा, ते डॉक्टर म्हणा ना एकदा.

आप्पांनी मान वर केली. "कुणी काही" ते म्हणाले, "बोललं का?" आई म्हणाली. दोघांनी मिळून खिडकीकडे बघितलं. आईच्या हातानं ती लावून घेतली.

*

लग्नाच्या सकाळी हेमू आतल्या खोलीत आरशासमोर बसली होती. मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या, हळद उतरून गालांवर आली होती. मेतकुटाच्या डब्यातून निघालेली आमची मावसबहीण नीता दाराशी कऱ्हा घेऊन उभी होती. तिच्यात सगळ्या बहिणी होत्या आणि त्यातली प्रत्येक जण करवली व्हायला तयार होती. हेमूनं तिला कऱ्हा बोहल्यामागच्या पाटावर नेऊन ठेवायला सांगितला.

"धरणार कोण?" नीतानं पुष्कळ आवाजांत विचारलं.

"ताई धरेल."

"ताई कुठाय पण?"

"इथंच असेल. ती कुठे जाते?"

नीता गेली. हेमूनं आरशात सगळीकडे बघितलं. मी तिच्या मागेच होते. आरशात तिच्या मागे दाराची कडी दिसत होती.

"ताई, आहेस ना?"

"आहे."

ती थांबली. कान दिल्यासारखी मान कलती केली. "आहेस ना?" तिनं पुन्हा विचारलं, त्याच आवाजात.

"आहे, हेमू."

तिनं मुंडावळ्या सारख्या केल्या आणि मान हलवली. काहीतरी ऐकल्यावर हलवतात तशी होती ती, की काही ऐकू न आल्यावर स्वतःची समजूत घालताना हलवतात तशी, हे मला आरशातून ओळखता आलं नाही. मग सोलापूरचे मामा आले आणि तिला घेऊन गेले. तिनं उंबऱ्यातच डोळे मिटून घेतले. मी तिच्या मागून चालले. तिच्या शालूचा पदर माझ्या पायावरून गेला आणि तो कुठेही अडला नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींचा आवाज चांगला होता. ओळ संपली की अक्षता पडत आणि त्या इतक्या थोड्या हातांतून इतक्या पडत की पहिल्या दोन कडव्यांतच पावलं बुडाली. कुंदामावशी चार मुठी टाकत होती. जोगळेकरकाका एका हातानं अख्ख्या गल्लीच्या टाकत होते. सुमनकाकू टाकत नव्हत्या, मग टाकत होत्या. सरांनी मोजून टाकल्या. पांढऱ्या धुक्यासारखं झालं होतं आणि मधे आंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, अलीकडे हेमूची पाठ. मी तिच्या मागे, माझ्या जागी होते. कऱ्हा माझ्या पुढ्यात पाटावर होता. नारळ नीतानं आधीच काढून बाजूला ठेवला होता. मी कऱ्हा उचलायला गेले. तो बसल्या जागी बसून राहिला. ठीक आहे, मी स्वतःला म्हणाले, उचलला नाही तरी चालेल. पाणी लावायचं आहे फक्त.

शेवटच्या कडव्याआधी गुरुजी थांबले. मुहूर्ताला थोडा अवकाश होता. त्यांनी आंतरपाटावरून सगळीकडे नजर टाकली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "आपली सगळी माणसं आली ना?"

कुंदामावशीनं सभागृह मोजलं. आई-आप्पांनी मोजलं. सवयीनं मीही मोजलं, एकेक गट, एकेक भार, मावश्या, मामा, आत्या, गल्ली, रुसलेले, विभाग, आई-आप्पा, पुष्करकडचे, नवरानवरी. दोनदा मोजलं. कुठेही तूट नव्हती.

"आली," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

शेवटचं कडवं झालं. वाजंत्री सुरू झाली, आंतरपाट उत्तरेकडे काढून घेतला. पलीकडे पुष्कर हार धरून उभा होता आणि हेमूकडे बघत होता. हेमूनं त्याच्याकडे तोंड केलं नाही. ती मिटल्या डोळ्यांनी मागे वळली, माझ्याकडे. अक्षता तिच्या केसांतून गळत होत्या. नीता पुढे झाली तेव्हा हेमूनं हात आडवा धरून तिला थांबवलं. वाजंत्री एकेक करून थांबली. गुरुजींनी आंतरपाटाची घडी अर्ध्यावरच ठेवली.

"ताई," ती म्हणाली. हनुवटी वर केली, हात जरासे पुढे केले. पापण्या घट्ट मिटलेल्या होत्या आणि कडांना हळद साचली होती. "लाव."

मी वाकून कऱ्ह्यात बोटं बुडवली. पाणी हललं नाही.